मुलाकडे पुन्हा जाणारे माणूस हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलांवरील अत्याचाराची किंवा त्यांच्या हेळसांडीची एखादी बातमी प्रसिद्ध झाली की पुढच्या दोन-चार दिवसांत वाचकांची संतप्त पत्रे छापून येतात, आणि ती यायलाच हवीत. त्या पत्रांतला प्रश्न बहुधा एकच असतो, तो म्हणजे संबंधित यंत्रणेने त्या मुलाला वेळीच तिथून बाहेर का काढले नाही. गेली १९ वर्षे मी मुलांच्या घरी प्रत्यक्ष जाणारी बालकल्याण कार्यकर्ती म्हणून काम करते आहे. हा प्रश्न मला अन्यायाचा वाटत नाही, पण अपुरा जरूर वाटतो. मुलाला घराबाहेर काढणे हे एका दिवसाचे काम असते. त्याआधीचे महिने आणि त्यानंतरची वर्षे त्या मुलाकडे कोण जाते, किती वेळा जाते आणि जे माणूस एकदा गेले तेच पुन्हा जाते की नाही, यावर मुलाचे खरे संरक्षण अवलंबून असते. या एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे आणि आपलेही लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुलांच्या संरक्षणाचा इतिहास सांगताना १८७४ सालच्या न्यूयॉर्कमधील मेरी एलन या मुलीचे प्रकरण हमखास सांगितले जाते. दहा वर्षांच्या आसपास वय असलेली ही मुलगी ज्या घरात राहत होती तिथे तिला कोंडून ठेवले जात होते आणि मारहाण होत होती. ही गोष्ट कानावर आल्यावर एटा व्हीलर या समाजसेविका शेजारच्या एका आजारी बाईची विचारपूस करण्याचे निमित्त करून त्या घरापर्यंत गेल्या, मुलीला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि अनेक ठिकाणी दाद मागूनही उपयोग होईना तेव्हा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे त्यांनी हे प्रकरण नेले. मुलीला ‘प्राणी’ ठरवून न्यायालयाने संरक्षण दिले अशी एक आख्यायिका यावरून रूढ झाली आहे, पण ती खरी नाही. बर्ग यांनी एक नागरिक या नात्याने तिची बाजू न्यायालयापुढे आणली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस मुलांवरील क्रूरता रोखण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

इथवरची हकिगत अनेकांना ठाऊक असते. मला मात्र तिचा कमी सांगितला जाणारा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ही मुलगी त्या घरात कोणी पळवून आणलेली नव्हती. शहराच्या धर्मादाय खात्यानेच ती रीतसर कागदपत्रे करून त्या कुटुंबाच्या स्वाधीन केली होती, आणि मुलगी कशी आहे हे दरवर्षी खात्याला कळवावे, अशी अटही घातली होती. इतक्या वर्षांत ते कळवणे एक-दोनदाच झाले. खात्याच्या लेखी मुलीची सोय लागलेली होती. याउलट व्हीलर यांचे काम न्यायालयाच्या निकालाने संपले नाही. मुलीला ज्या आश्रमात ठेवले ते ठिकाण तिला योग्य नाही असे दिसताच त्यांनी पुन्हा न्यायाधीशांकडे धाव घेतली, तिला आपल्या आईकडे नेले, आणि आईच्या निधनानंतर त्यांच्या बहिणीने तिला वाढवले. मेरी एलन ९२ वर्षे जगली. तिच्या सुटकेचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिला, परंतु त्यानंतर तिच्याकडे पाहत राहणारे माणूस मिळाले नसते, तर ती सुटका किती टिकली असती, याची मला शंका वाटते.

आमच्या अहवालांत ‘मूल सुस्थितीत आढळले’ असे एक वाक्य असते. आमच्या कामाशी संबंध आलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी वाचलेले असेल. मीही ते लिहिले आहे, आणि एकदा ते चुकीचे लिहिले आहे. नऊ वर्षांचा एक मुलगा आपल्या नातेवाइकांकडे राहत होता. घर स्वच्छ होते, मुलगा शाळेत जात होता, अंगावर कुठे वळ नव्हते, आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे तो नीट उत्तर देत होता. फक्त उत्तर देण्याआधी दर वेळी तो दाराकडे पाहून घेत होता. त्याच्या अंथरुणाच्या उशाशी एक भरलेली पिशवी होती. मला ते शाळेचे दप्तर वाटले. दुसऱ्या भेटीतही ती पिशवी तिथेच होती आणि मी दुसऱ्यांदा तेच वाक्य लिहिले. तिसऱ्या भेटीत, एव्हाना तो मला ओळखू लागला होता म्हणून, मी न विचारताच त्याने ती पिशवी उघडून दाखवली. आत कपड्यांचे दोन जोड, दात घासायचा ब्रश आणि एक छोटी बॅटरी होती. हे कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काका रागावले की मला बाहेर काढतात. मग मी जिन्यात झोपतो. अंधार असतो ना, म्हणून बॅटरी.” सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. रात्री पाऊस येईल म्हणून कोणी छत्री जवळ ठेवावी, तशी त्याने ती तयारी करून ठेवली होती.

पहिल्या दोन भेटींतही मी डोळे उघडे ठेवूनच गेले होते, पण माझ्या डोळ्यांना दिसलेल्या वस्तूचा अर्थ सांगणारा तो एकटाच होता, आणि दोनदा आलेले माणूस तिसऱ्यांदाही येते याची खात्री पटल्यावरच त्याने तो सांगितला. या गोष्टीला कोणताही नमुना अर्ज, कोणतीही प्रश्नावली किंवा मोबाईलवर भरायची माहिती पर्याय ठरू शकत नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले गेलेच पाहिजे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेचे बारावे कलम सांगते. ऐकून घेणे याचा अर्थ मुलाला प्रश्न विचारणे एवढाच आपण घेतला, तर ते कलम पाळल्याचे समाधान आपल्याला मिळेल आणि पिशवी मात्र बंदच राहील.

भेटी झाल्याची नोंद असणे आणि मुलाला कोणी पाहिलेले असणे यांतले अंतर किती जीवघेणे ठरते, याचा लेखी पुरावा लंडनमधील व्हिक्टोरिया क्लिंबिये या आठ वर्षांच्या मुलीच्या चौकशी अहवालात आहे. फेब्रुवारी २००० मध्ये तिचा छळाने मृत्यू झाला. ती कोणाच्याच नजरेला पडली नव्हती असे मुळीच नव्हते. चार स्थानिक प्राधिकरणांचे समाजसेवा विभाग, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके आणि दोन रुग्णालये यांना ती ठाऊक होती. लॉर्ड लॅमिंग यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या चौकशीचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी हातच्या गेल्या, असा निष्कर्ष त्यात आहे आणि पुढे १०८ शिफारशी आहेत. मला त्या अहवालातली एक साधी नोंद कधीही विसरता आलेली नाही. तिचे प्रकरण ज्या कार्यकर्तीकडे होते, तिने सात महिन्यांत त्या मुलीला चार वेळा पाहिले आणि त्या चारही भेटींचा वेळ एकत्र केला तरी तो अर्ध्या तासाहून कमी भरला. ती कार्यकर्ती अननुभवी होती, तिच्याकडे आधीच झेपेल त्याहून जास्त प्रकरणे होती, आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्यांनी तिला ‘तू मुलीशी काय बोललीस’ असे खोलात जाऊन विचारले नाही. ज्यांनी त्या मुलीला मारले त्यांचा अपराध यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण ती फाईल हाताळणाऱ्या एका व्यक्तीवर सगळे खापर फोडून बाकीचे मोकळे झाले, तर पुढच्या मुलासाठी काहीच बदललेले नसते.

आता माझ्या हातून झालेली दुसरी गोष्ट सांगते. आठ वर्षांची एक मुलगी प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा तात्पुरता सांभाळ करणाऱ्या कुटुंबात, राहत होती आणि मी दर तीन आठवड्यांनी तिला भेटत असे. निघताना मी तिला पुढच्या भेटीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून देई, कारण अनेकांनी तिला ‘येतो’ म्हणून सांगितले होते आणि ते आले नव्हते. अशा पाच-सहा चिठ्ठ्यांवरच्या तारखा मी पाळल्या. मग माझी बदली झाली. आदेश गुरुवारी मिळाला आणि सोमवारी नव्या जागी हजर व्हायचे होते. मी फाईल नीट लावून दिली, टिपणे पूर्ण केली, वरिष्ठांना तोंडी सगळे सांगितले, आणि त्या मुलीला मात्र काहीच सांगू शकले नाही. माझ्या जागी नेमणूक व्हायला अडीच महिने गेले. नवा कार्यकर्ता पहिल्यांदा तिला भेटला तेव्हा ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. आत गेली आणि माझ्या अक्षरातली चिठ्ठी आणून तिने त्याच्या हातात दिली. “ताईंची तारीख होऊन गेली,” एवढेच ती म्हणाली. त्याने मला दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा माझ्या समोर दुसऱ्या ठिकाणच्या ३१ मुलांच्या फायली होत्या.

माझी बदली नियमानुसार झाली होती. तिथे कोणीही दुष्टपणा केला नव्हता. पण मुलाच्या आयुष्यातली माणसे पुन्हा पुन्हा बदलणे ही स्वतःच एक इजा आहे, हे कोणत्याही आस्थापना विभागाच्या विचारात नसते आणि ते असायला हवे. अमेरिकेतील मिलवॉकी परगण्यात २००५ साली या विषयाची एक पाहणी झाली होती. स्वतःच्या घराबाहेर, यंत्रणेच्या देखभालीत आलेल्या ज्या मुलांचा कार्यकर्ता शेवटपर्यंत एकच राहिला, त्यांच्यापैकी ७४.५ टक्के मुलांना कायमचे घर मिळाले. ज्यांचा कार्यकर्ता एकदा बदलला, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण १७.५ टक्क्यांवर आले. हे आकडे जपून वाचायला हवेत, कारण जी प्रकरणे मुळातच गुंतागुंतीची असतात ती लांबतात आणि लांबली की त्यांत माणसेही बदलतात. तेवढी सूट दिल्यावरही उरणारा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. बदलीनंतर नव्या माणसाने फाईल वाचून काम सुरू करणे म्हणजे मुलाने आपली सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगणे, आणि ज्याने ती चार वेळा सांगून झाली आहे ते मूल पाचव्या वेळी सांगत नाही.

‘बाहेर काढा’ या मागणीविषयीही मला स्पष्ट लिहायचे आहे. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर त्याला त्या क्षणी तिथून हलवावे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तसे निर्णय मी घेतले आहेत आणि त्यांतल्या एकाचाही मला पश्चात्ताप नाही. परंतु मूल हलवले की ते सुरक्षित झाले, हे गृहीतक धोक्याचे आहे. रुमानियातील अनाथालयांत वाढणाऱ्या मुलांविषयीचा बुखारेस्टमधील दीर्घ अभ्यास या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. २००० सालाच्या सुमारास सुरू झालेल्या या अभ्यासात सहा ते एकतीस महिने वयाची १३६ मुले होती. त्यांतल्या निम्म्या मुलांना प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत ठेवले गेले आणि बाकीच्यांची देखभाल तेव्हाच्या रूढ पद्धतीने चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ अधिक चांगली झाली, आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. अनाथालयात खाणेपिणे आणि छप्पर होते. एकाच मुलाकडे टक लावून पाहणारे, त्याच्या रडण्याचा अर्थ ओळखणारे असे एक माणूस मात्र नव्हते, कारण पाळीगणिक माणसे बदलत होती.

शिवाय गरिबी आणि हेळसांड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर एका खोलीचे आहे, अंथरूण जमिनीवर आहे, आई दिवसभर कामावर असते, एवढ्यावरून शेजारपाजारचे लोक आम्हाला कळवतात की मुलांचे हाल होत आहेत. २००९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ म्हटले आहे की केवळ गरिबी हे मूल कुटुंबातून काढून घेण्याचे कारण कधीही होऊ शकत नाही. ती त्या कुटुंबाला मदत करण्याची खूण समजावी. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे, आणि ते पाळायचे तर पुन्हा तिथेच यावे लागते. मदत हवी की संरक्षण, हे एका भेटीत कळत नाही. ज्या आईला पहिल्या दिवशी मी तिचे मूल हिरावून घ्यायला आलेली बाई वाटते, तीच चौथ्या-पाचव्या भेटीत घरातल्या खऱ्या अडचणी बोलू लागते.

आमचे सहकारी हे काम का सोडतात, याची कारणे थोडक्यात सांगता येतील. पगाराचा वाटा त्यात आहेच, पण तो सर्वांत मोठा नाही. माणसाला आपण अर्धेमुर्धे काम करतो आहोत हे रोज दिसत राहिले की ते थकते. त्यात गोपनीयतेचे बंधन असते, जे मुलाच्या भल्यासाठीच आहे आणि मला मान्य आहे. मात्र आमच्यावर जाहीर आरोप झाले तरी आम्ही जाहीर उत्तर देऊ शकत नाही. एखादे मूल दगावले की निलंबनाचा आदेश चोवीस तासांत निघतो आणि त्या कार्यकर्त्याकडे किती प्रकरणे होती, याची चौकशी मात्र वर्षभर रेंगाळते. मग मागे राहिलेले सहकारी मुलाऐवजी स्वतःचा बचाव डोळ्यांसमोर ठेवून अहवाल लिहू लागतात. ‘मूल सुस्थितीत आढळले’ हे वाक्य अशाच भीतीतून जास्त वेळा लिहिले जाते. लोकसेवेत उत्तरदायित्व हवेच. माझ्या चुकीसाठी मला जाब विचारला गेलाच पाहिजे. पण जाब विचारताना ‘कोणी चूक केली’ याच्या बरोबरीने ‘तुम्ही मुलाला एकांतात किती वेळ भेटलात आणि तेवढाच वेळ का भेटलात’ हेही विचारले जावे.

वाचकांपैकी अनेकांना एखाद्या मुलाविषयी शंका येते, पण पुरावा नाही म्हणून ते गप्प राहतात. १९६२ साली हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी मारहाण झालेल्या मुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यासाठी त्यांनी ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली होती. एका वर्षात अशी ३०२ मुले आढळली, त्यांतली ३३ दगावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. त्याआधीही डॉक्टर ती मोडलेली हाडे पाहत होतेच. पालक असे करतील यावर विश्वास ठेवणे त्यांना जड जात होते. तेच संकोचाचे ओझे आजही शेजाऱ्यांवर, शिक्षकांवर आणि नातेवाइकांवर असते. पुरावा शोधणे हे तुमचे काम नाही. तुम्हाला काय दिसले, कधी दिसले आणि किती वेळा दिसले, एवढे कळवा. आणि दोन आठवड्यांत काही हालचाल दिसली नाही, तर पुन्हा कळवा. ‘एकदा सांगितले होते’ या समाधानावर थांबू नका.

शासनाकडे आणि ज्या संस्था हे काम चालवतात त्यांच्याकडे माझे मागणे मोठे नाही. एका कार्यकर्त्याकडे किती मुले असावीत याची मर्यादा कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष पाळली जावी. बदली किंवा राजीनामा यामुळे प्रकरण दुसऱ्याकडे जाणार असेल, तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही माणसांनी एकत्र जाऊन मुलाला भेटल्याशिवाय ते हस्तांतर पूर्ण झाले असे मानू नये. ही एक भेट आहे, तिला फार तर अर्धा दिवस लागतो. बालहक्क संहितेच्या पंचविसाव्या कलमानुसार देखभालीत ठेवलेल्या प्रत्येक मुलाला आपल्या परिस्थितीचा ठरावीक काळाने आढावा घेतला जाण्याचा हक्क आहे. तो आढावा कार्यालयात बसून फायलीचा न घेता मुलासमोर बसून घेतला जावा.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. अशी बातमी छापताना मुलाची ओळख उघड होणार नाही याची काळजी आपण घेता, त्याबद्दल मी आभारी आहे. त्यासोबत संबंधित अधिकाऱ्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. या मुलाशी एकांतात शेवटचे कोण बोलले होते, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याकडे कोण जाणार आहे? सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. तेव्हा त्यात बातमी उरलेली नसेल हे मला समजते, तरीही विचारावेत.

माझ्याकडची चार प्रकरणे पुढच्या महिन्यात मी एका नव्या सहकाऱ्याकडे सोपवणार आहे. या वेळी मी आधीच परवानगी मागून घेतली आहे. चारही मुलांकडे आम्ही दोघे एकत्र जाऊ, मी जाणार असल्याचे मीच त्यांना सांगेन, आणि पुढच्या भेटीची तारीख तो त्याच्या अक्षरात लिहून देईल.

आपली विश्वासू,
एक बालकल्याण कार्यकर्ती

(पत्रातील मुलांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव व ठिकाण प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)